बाबांचं मूत्राशय स्वच्छ, पण मणक्यात डाग. टी-वन असताना असं होतं का?

कृष्णाकाठची_लेक
सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज वेगळ्या कामासाठी लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. बिडी तीसेक वर्षं ओढली, नातू झाला त्या दिवशी सोडली. दोन वर्षांपूर्वी लघवीतून रक्त पडलं. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे उन्हाळा आहे, उष्णता झाली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. रक्त थांबायचं आणि महिन्याभराने पुन्हा दिसायचं. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी झाली तेव्हा मूत्राशयात तीन सेंटिमीटरची गाठ.

शहरात नेऊन दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, टीयूआरबीटी म्हणतात ते. रिपोर्ट आला हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक जातीची, टी-वन. "सुरुवातीचा टप्पा आहे, स्नायूत गेलेलं नाही, मूत्राशय वाचलं," असं सांगितलं. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मग बीसीजीचे, म्हणजे ती टीबीची लस नळीने मूत्राशयात सोडायची, आठवड्याला एक असे सहा डोस, पुढे मेंटेनन्स. दर तीन महिन्यांनी दुर्बीण. दर वेळी स्वच्छ. गेल्या महिन्यातही स्वच्छ, लघवीतल्या पेशींची तपासणी, सायटोलॉजी, तीही निगेटिव्ह.

आणि आता पाठ. दिवाळीच्या आधीपासून कमरेच्या जरा वर दुखतंय, रात्री जास्त. आधी वाटलं, आयुष्यभर एसटीत उभं राहून तिकिटं फाडली, मणका बोलणारच. एमआरआय केला तर डी-१२ आणि एल-२ या दोन मणक्यांत बदल. शेवटची ओळ : "मेटास्टॅसिस अथवा क्षयरोग." म्हणजे पसरलेला कॅन्सर किंवा टीबी. हाडांचे डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करू. आमचे युरॉलॉजिस्ट म्हणतात, टी-वन सहसा असा हाडात जात नाही. दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत, मध्ये मी फाईल घेऊन फिरतेय.

प्रश्न एकच. घरात चोर नाही, मग शेजारच्या गल्लीत आला कुठून?


शेंगदाणाचटणी
सोमवार, रात्री ११:३५

ताई, काळजी घ्या. माहिती काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद. इथे दोन-तीन डॉक्टर मंडळी आहेत, बघतीलच.


निरोगी_भव
मंगळवार, सकाळी ६:०५

गव्हांकुराचा रस अनशेपोटी, सोबत देशी गाईचं अर्क. आमच्या ओळखीत चौथ्या स्टेजचा माणूस आज शेतात राबतो. केमो-बिमोच्या नादी लागू नका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


तिरकस_पुणेकर
मंगळवार, सकाळी ७:४०

निरोगीभाऊ, तुमचा चौथ्या स्टेजचा शेतकरी मी आतापर्यंत सहा धाग्यांवर वाचलाय. दर वेळी अवयव वेगळा. बाई काय विचारतायत ते बघा तरी.


जुना_मूत्रविकारवाला
मंगळवार, सकाळी ९:२०

निवृत्त युरॉलॉजिस्ट आहे, प्रॅक्टिस बंद केली. न तपासता निदान करणार नाही, पण फाईलमध्ये काय शोधायचं ते सांगतो.

आधी टप्प्याचा अर्थ. मूत्राशयाची भिंत म्हणजे जुन्या वाड्याची भिंत समजा. आतून रंगाचा हात, त्याखाली गिलावा, मग विटा, पलीकडे परसू. गाठ रंगातच असेल तर टीए. गिलाव्यात उतरली तर टी-वन. विटांत, म्हणजे स्नायूत, शिरली की टी-टू. परसातल्या चरबीत टी-थ्री. निदानाच्या वेळी चारातले साधारण तीन रुग्ण विटांच्या अलीकडे असतात आणि त्या सगळ्यांना व्यवहारात 'सुरुवातीचा' म्हणतात. इथेच घोळ आहे. रंगाचा पोपडा आणि गिलाव्यातली ओल यांना एकाच पिशवीत घालतात.

रंगात नळ नसतात. गिलाव्यात असतात. रक्ताच्या बारीक नळ्या आणि लसिकावाहिन्या त्या थरात आहेत. म्हणून हाय ग्रेड टी-वनला बाहेर पडायची वाट असते. ती बहुतेकदा वापरली जात नाही, एवढंच.

आता ताई, मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा. डिस्चार्ज कार्ड नको, मूळ रिपोर्ट. त्यात 'डिट्रुझर मसल' (मूत्राशयाचा स्नायू, म्हणजे आपल्या विटा) शब्द शोधा आणि त्यापुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. दुसरं, पहिल्या टीयूआरबीटीनंतर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा खरवडलं होतं का?


कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, दुपारी १:५०

डॉक्टर, जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन फाईल काढली. रिपोर्ट बीसीजीच्या पावत्यांच्या मागे स्टेपल केला होता. लिहिलंय : "ट्यूमर इन्व्हेडिंग लॅमिना प्रोप्रिया. डिट्रुझर मसल नॉट आयडेंटिफाइड." डिस्चार्ज कार्डावर नुसतं टी-वन.

दुसऱ्यांदा खरवडलं नाही. थेट बीसीजी.


जुना_मूत्रविकारवाला
मंगळवार, दुपारी ४:१५

हेच वाटलं होतं. लॅमिना प्रोप्रिया म्हणजे आपला गिलावा.

'स्नायूत गेलेलं नाही' आणि 'तुकड्यात स्नायू आलाच नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पॅथॉलॉजिस्टने प्रामाणिकपणे दुसरं लिहिलं. कार्ड लिहिणाऱ्याने त्याचं पहिलं केलं. विटा न बघता 'ओल विटांपर्यंत गेलेली नाही' असा दाखला दिला.

टी-वनला दुसऱ्यांदा खरवडायचं कारण हेच. पहिल्या वेळी कितीही हात फिरवला तरी टी-वनमध्ये पुष्कळांत गाठीचा अंश मागे राहिलेला सापडतो. आणि पहिल्या तुकड्यात स्नायू नसेल तर प्रत्यक्षात टी-टू असण्याची शक्यता बरीच वाढते. जगभरच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच इथे दुसरी फेरी घ्या म्हणतात.

पण दुसरी बाजूही सांगतो. स्नायूत मोठा आजार मागे राहिला असता तर एवढ्या काळात दुर्बिणीत बहुधा काहीतरी दिसलं असतं. म्हणजे एक तर गाठ काढण्यापूर्वीच काही पेशी निसटल्या होत्या, किंवा मणक्यातलं प्रकरण कॅन्सरचं नाहीच. तिसरी शक्यता, दुर्बीण पोचत नाही तिथे काही दडलंय. मूत्रवाहिनी, किडनीचा आतला भाग, पुरुषांत प्रोस्टेटमधल्या नलिका. बीसीजीचं पाणी मूत्राशयात बसतं, तिथवर नीट जात नाही. अस्तर मात्र सगळीकडे एकच आहे. सीटी युरोग्राम, म्हणजे किडनीपासून खालपर्यंतच्या मूत्रमार्गाचा सीटी, शेवटचा कधी झाला?

मणकाच का, हेही सांगून ठेवतो. ओटीपोटातल्या शिरांचं मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याशी थेट दळणवळण असतं आणि त्या जाळ्यात झडपा नसतात. खोकलं, कुंथलं, की रक्त उलटंही वाहतं. बॅट्सन नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १९४० मध्ये हे दाखवलं. त्यामुळे फुप्फुसाचं ठाणं टाळून पेशी थेट मणक्यात उतरू शकतात. नेहमीची स्टँडं लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि हाडं. बाबा एसटीतले म्हणून सांगतो, ही विनाथांबा गाडी.


कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, सायंकाळी ५:०२

युरोग्राम पहिल्या वेळेसच. नंतर नाही. स्टँडचं बाबांना सांगितलं, हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.


काचपट्टी
मंगळवार, रात्री १०:१०

मी पॅथॉलॉजिस्ट. वरच्या डॉक्टरांना पूर्ण अनुमोदन, आता माझ्या टेबलावरून दिसतं ते.

ताई, बायोप्सीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू देऊ नका. आपल्याकडे मणक्यात काही दिसलं की टीबी आठवतो, ते साहजिकही आहे. ढोबळ खूण अशी की टीबी दोन मणक्यांमधली चकती खातो आणि शेजारचे मणके धरतो, तर कॅन्सर चकतीला सहसा हात लावत नाही आणि एक मणका सोडून पुढे जातो. तुमच्याकडे डी-१२ आणि एल-२, मधला एल-१ सुटलाय. पण अशा खुणांवर नऊ महिन्यांची औषधं देऊ नयेत. केमोही देऊ नये.

सीटीखाली सुई घालून तुकडा घेतील तेव्हा तुम्ही स्वतः खोलीबाहेर उभं राहून एक गोष्ट बघा : बाटल्या दोन आहेत ना. एकीत फॉर्मालिन, ती आमच्याकडे हिस्टोपॅथला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरीत सलाईन, ती टीबीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायला) आणि जीनएक्स्पर्टला (जंतूचा अंश शोधणारी झटपट तपासणी). सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला की जंतू मेले, कल्चर संपलं, आणि पुन्हा सुई. महिन्यातून एकदा तरी हा प्रकार आमच्याकडे होतो. आधी फोन करून सांगितलं तरी होतो.

तुकड्यात कॅन्सर दिसला तर तो कुठून आला हे रंगांवरून कळतं, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. गाटा-थ्री आणि पी-६३ लागले तर मूत्रमार्गाच्या अस्तराकडे बोट. टीटीएफ-वन लागला तर फुप्फुसाकडे. बिडी ओढणाऱ्या माणसात हे विसरून चालत नाही.

आणि दोन वर्षांपूर्वीचे मेणाचे ब्लॉक मागवा. रुग्णालयं ते वर्षानुवर्षं ठेवतात आणि तुम्ही अर्ज केलात तर देतात. त्यांचं पुन्हा वाचन करून घ्या. मी असते तर दोन गोष्टी शोधल्या असत्या. रक्तनळीत किंवा लसिकानळीत शिरलेल्या पेशी, आणि वेगळ्या घडणीचा कॅन्सर : मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड, नेस्टेड वगैरे. हे टी-वनच्या वेषात येतात आणि वागतात टी-थ्रीसारखे.


नागपूरची_संत्री
बुधवार, सकाळी ८:३०

काचपट्टीताईंच्या टीटीएफ-वनवर. माझ्या मामाची एकदम साधी केस होती, टीए लो ग्रेड, बीसीजीसुद्धा लागलं नाही. तीन वर्षांनी छातीच्या एक्स-रेमध्ये गोळा. सगळ्यांनी धरूनच टाकलं का मूत्राशयाचाच पसरला. मामी रडून रडून अर्धी झाली. सुई घातली तर फुप्फुसाचा स्वतंत्र कॅन्सर निघाला. एकच सिगरेट, दोन घरं. ऑपरेशन झालं, मामा आता मस्त तर्री खातात, नको म्हटलं तरी.


काचपट्टी
बुधवार, सकाळी ९:०५

बरोबर. पेशंट हाच, धूर तोच, कॅन्सर दोन. टीए लो ग्रेड खरोखरच फुप्फुसात गेल्याची एकेक प्रकरणं जर्नलमध्ये आहेत, मूत्राशयात काही न वाढता. पण ती केस रिपोर्ट म्हणून छापतात, यातच काय ते आलं. कुत्रा माणसाला चावला तर बातमी होत नाही.


सातासमुद्रापार_एडिसनकर
बुधवार, रात्री ९:४५ (तुमच्याकडची)

ताई, माझी गोष्ट सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. मी ५९, न्यू जर्सीत. माझंही हाय ग्रेड टी-वन, दुसऱ्यांदा खरवडून झालं होतं, स्नायू स्वच्छ. बीसीजीच्या पाचव्या डोसला नळी घालताना रक्त आलं, तरी डोस दिला. त्या रात्रीपासून ताप. आधी वाटलं नेहमीचाच, एक-दोन दिवसांचा. दोन आठवडे उतरेना, वजन घटलं. सीटीत दोन्ही फुप्फुसांत मोहरी सांडावी तसे ठिपके. पेट स्कॅनमध्ये, जिथे कॅन्सर चमकतो, तेही चमकले. ऑन्कॉलॉजिस्ट बाई माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या तेव्हा मी मृत्युपत्र काढलं.

बायोप्सीत निघाले ग्रॅन्युलोमा, जंतूभोवती जमलेल्या पेशींच्या गाठी. कॅन्सर नाही, बीसीजीचाच जंतू रक्तातून पसरलेला. शेवटी ती जिवंत लस आहे, क्षयाच्या जंतूचा गाईगुरांतला चुलतभाऊ पाळीव करून बनवलेला. कॅल्मेट आणि गेरँ यांनी बनवलेली ही लस १९२१ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिली गेली, आणि १९७६ मध्ये मोरालेस नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरने मूत्राशयात घालून बघितली. बहुतेकांना जळजळ आणि थोडा ताप यापलीकडे काही होत नाही. मी नशीबवान निघालो.

तेव्हा मणक्यातसुद्धा हा पाहुणा असू शकतो. माझ्या डॉक्टरांनी दाखवलेल्या लेखांत मणक्याच्या केसेस होत्या.


काचपट्टी
बुधवार, रात्री १०:२०

एडिसनकरांनी फार महत्त्वाचं लिहिलं, माझ्याकडून राहून गेलं होतं. म्हणजे आता दावेदार तीन : कॅन्सर, गावचा टीबी आणि बीसीजी. शेवटच्या दोघांत फरक औषधाचा. बीसीजीच्या जंतूवर पायराझिनामाइड हे टीबीचं नेहमीचं औषध चालत नाही, तो जन्मतःच त्याला दाद देत नाही. आणि नेहमीचं जीनएक्स्पर्ट या दोघांना वेगळं ओळखत नाही, नुसतं "आहे" म्हणतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अर्जावर "बीसीजी घेतलेला रुग्ण" असं ठळक लिहायला लावा. एडिसनकर, तुम्हाला ते औषध दिलं नव्हतं ना?


सातासमुद्रापार_एडिसनकर
बुधवार, रात्री १०:४१

नाही. आयएनएच, रिफॅम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल. लघवी केशरी, बायको म्हणे होळी आली.


गुहागरचा_बाबल्या
गुरुवार, सकाळी १०:००

अवांतर आहे, पण लघवीतून रक्त म्हटल्यावर आमच्याकडचं आठवलं. गुहागर तालुक्यातल्या गिमवीचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. इजिप्तमध्ये नाईलकाठी ज्या जंतामुळे लघवीत रक्त पडतं आणि पुढे मूत्राशयाचा कॅन्सर होतो, तो भारतात सापडला तो आमच्या गिमवीत. पन्नासच्या दशकात डॉक्टर लोक येऊन नदीतल्या गोगलगाई वेचत होते. आजोबा सांगायचे, मुंबईचे साहेब गुडघाभर पाण्यात, आणि गावातली पोरं काठावर हसतायत.


तिरकस_पुणेकर
गुरुवार, सकाळी १०:१५

अवांतर असूनही धाग्यावरच्या एका प्रतिसादापेक्षा शास्त्रीय. नाव घेत नाही.


चाळकरी_वहिनी
गुरुवार, दुपारी ३:३०

एक विचारू का, रागावू नका. आमच्याकडे म्हणतात कॅन्सरला लोखंड लागलं की तो उठतो. खरवडलं म्हणूनच पसरलं असेल का? आणि आता मणक्यात सुई घालायची म्हणजे अजून...


जुना_मूत्रविकारवाला
गुरुवार, सायंकाळी ६:४०

वहिनी, रागावू कशाला. चाळीस वर्षं दर आठवड्याला हा प्रश्न ऐकलाय आणि सुरुवातीला मी तो उडवून लावायचो. आता उडवत नाही.

खरवडताना मूत्राशयात पाणी भरलेलं असतं, दाबाखाली. गाठीचे काप सुटतात, नळ्या उघड्या पडतात. त्या वेळी रक्तात कर्कपेशी सापडल्याचं काही रुग्णांमध्ये दाखवलं गेलंय. भिंतीला आरपार भोक पडलं तर पाण्याबरोबर पेशी बाहेर जाऊ शकतात, म्हणून तिथे आमचा हात जपून चालतो. पण रक्तात गेलेली पेशी म्हणजे रुजलेली पेशी नव्हे. पावसाळ्यात वडाच्या किती बिया गटारात जातात! त्यातली एखादीच भिंतीत रुजते. बहुतेक पेशी रक्तातच मरतात.

आणि दुसरा पर्याय काय? तीन सेंटिमीटरची हाय ग्रेड गाठ तशीच ठेवली तर ती दिवसरात्र, कुणी हात न लावता, पेशी सोडतच राहते. लोखंड लागलं म्हणून उठला असं वाटतं, कारण लोखंड लागेपर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नसतं. मणक्यातल्या सुईचंही तेच. ती न घालता चुकीची औषधं दिल्याने गेलेली माणसं मी बघितली आहेत. सुईने गेलेलं कुणी आठवत नाही.

लेकी, एक महत्त्वाचं. बाबांच्या पायांत मुंग्या आल्या, चालताना पाय ओढायला लागला, लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर रात्रीचे दोन असले तरी थांबायचं नाही. मज्जारज्जूवर दाब येतोय असा त्याचा अर्थ, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.


कृष्णाकाठची_लेक
पुढचा शनिवार, रात्री ८:२०

अपडेट. पेट स्कॅन झाला. दोन मणके चमकले, बाकी फुप्फुस-यकृत स्वच्छ. मूत्राशय तर दिव्यासारखं झगझगीत, ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. तिथल्या मुलीने समजावलं, औषध लघवीतूनच बाहेर पडतं म्हणून ते सगळ्यांचंच चमकतं. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊन, तीन तांबे पाणी पाजून, पुन्हा फोटो घेतला, मग नीट दिसलं. युरोग्रामही झाला, वर किडनीकडे काही नाही.

काल बायोप्सी. काचपट्टीताई, तुमचं ऐकून बाहेर उभी राहिले. सिस्टर एकच बाटली घेऊन निघाल्या. मी म्हटलं, दुसरी? त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी दारातच उभी. शेवटी आतून डॉक्टर ओरडले, "सलाईनची पण घ्या." सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, जसं काही मीच चोर.

जुने ब्लॉकही मिळाले. प्लास्टिकच्या पाकिटात, कॅरमच्या सोंगटीएवढे मेणाचे चौकोन. बाबांनी हातात घेऊन उजेडाला धरले. "एवढ्यासाठी एवढी फाईल?" म्हणाले. ते दुसऱ्या ठिकाणी वाचायला दिलेत.


शेंगदाणाचटणी
शनिवार, रात्री ८:३१

दारात उभी राहिलीस ते बेस्ट केलंस. वाचनखूण साठवली.


कृष्णाकाठची_लेक
त्यापुढचा गुरुवार, रात्री ११:५८

आलं. कॅन्सरच आहे. गाटा-थ्री पॉझिटिव्ह, टीटीएफ-वन निगेटिव्ह. जीनएक्स्पर्टमध्ये काही नाही, कल्चरला वेळ लागेल.

जुन्या ब्लॉकांचा नवा रिपोर्टही आलाय. काचपट्टीताई, शब्द न् शब्द तुमचा. गाठीच्या एका भागात मायक्रोपॅपिलरी घडण. दोन ठिकाणी लसिकानळीत पेशी. स्नायू याही वेळी कुठल्याच तुकड्यात नाही. दोन वर्षं हे आमच्या कपाटात, त्यांच्या कपाटात, मेणात पडून होतं.

ज्यांनी 'सुरुवातीचं आहे' म्हणून पाठ थोपटली त्या * रुग्णालयात जाऊन विचारावंसं वाटतं. तेव्हा कळलं असतं तर?

(संपादक मंडळ : धोरणानुसार रुग्णालयाचं नाव काढलं आहे.)


जुना_मूत्रविकारवाला
शुक्रवार, सकाळी ६:५०

वाईट वाटलं, पोरी.

तेव्हा कळलं असतं तर दुसऱ्यांदा खरवडलं असतं, आणि बहुधा बीसीजीऐवजी मूत्राशय काढायची गोष्ट निघाली असती. आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर पिशवी. बाबा तयार झाले असते का, आणि झाले असते तरी मणक्यातल्या पेशी तोवर गेल्या नव्हत्या का, हे मला सांगता येत नाही आणि कुणालाच येणार नाही. चूक झाली हे मात्र खरं. रीतसर लेखी तक्रार करायची तर करा, कागद तुमच्या बाजूने आहेत. पण या महिन्यात नको. आत्ता तुमची दमछाक बाबांसाठी राखा.

पुढचं. दुखणाऱ्या मणक्यांना रेडिएशन, वेदनेसाठी एकाच बैठकीत ८ ग्रे (रेडिएशनचं माप) पुष्कळदा पुरतं. रोज खेपा मारायला लागतात हा समज आहे. मात्र दोनच जागा असल्याने तुमचे डॉक्टर जास्त नेमका, मोठा डोस द्यायचा विचार करू शकतील, ते विचारा. हाडं बळकट करायच्या इंजेक्शनआधी दाताच्या डॉक्टरांकडे एक फेरी. किडलेले दात नंतर काढले तर जबडा भरत नाही. मग केमो. त्यातलं सिस्प्लॅटिन हे औषध झेपेल का ते किडनीवर ठरेल.


सातासमुद्रापार_एडिसनकर
शुक्रवार, रात्री ८:१५

ताई, शब्द नाहीत. एक माहिती देतो. २०२३ मध्ये युरोपातल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत एनफोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधांची जोडी नेहमीच्या केमोसमोर ठेवली. पसरलेल्या आजारात केमोवाल्यांचं मध्यक (मीडियन) आयुष्य १६ महिने, या जोडीवाल्यांचं साडेएकतीस. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं म्हणतात. इकडे ती पहिल्या पसंतीची झाली आहे.


काचपट्टी
शुक्रवार, रात्री ९:००

खरं आहे, पण किंमत ऐकली की टाळ्या थांबतात. ताई, डॉक्टरांना विचारून ठेवा, कंपनीच्या मदतयोजना असतात. नाहीतर जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन हाही काही टाकाऊ पर्याय नाही. तो लागू पडला तर पुढे इम्युनोथेरपी जोडता येते. केमो आणि रेडिएशन महात्मा फुले योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. निम्मी माणसं तिथे अडकतात.


कृष्णाकाठची_लेक
रविवार, रात्री १०:१०

आधारवर बाबांच्या नावात एक वेलांटी जास्त. उद्या सेतूत जाते.

मंगळवारी रेडिएशनचं मार्किंग. क्रिएटिनिन, किडनीची रक्ततपासणी, चांगलं आहे, सिस्प्लॅटिन चालेल म्हणाले. बाबांना सगळं सांगितलं, लपवलं नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गाडी बिघडली तर डेपोत कळवायचं असतं, रस्त्यात ढकलत बसायचं नसतं. आणि मग त्यांचा नेहमीचा हट्ट : मंगळवारी खासगी गाडी नको, सकाळची सातची एसटी, ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, कशाला पैसे घालवायचे.


जुना_मूत्रविकारवाला
रविवार, रात्री १०:२२

एसटी नको! मणक्यात दोन जागा पोखरलेल्या आहेत, एक खड्डा पुरेल. कमरेचा पट्टा लावून, चारचाकीत, सीट मागे कलती करून न्या. माझं नाव सांगा.


कृष्णाकाठची_लेक
रविवार, रात्री १०:४०

वाचून दाखवलं. म्हणाले, "डॉक्टरांना विचार, कंडक्टरच्या सीटवर बसलो तर? तिथे धक्का कमी लागतो."


जुना_मूत्रविकारवाला
रविवार, रात्री १०:४३

नाही.